ओसरीतून आतल्या खोलीपर्यंत : घरचा संगणक जाळ्याला जोडताना

गेल्या वर्षी धान निसवण्याच्या दिवसांत सालेकसा तालुक्यातील एका गावी जाण्याचा योग आला. आपल्या विद्यालयातून बारावी होऊन गेलेल्या आणि पुढील शिक्षणास प्रवेश मिळालेल्या एका विद्यार्थिनीचे ते घर. तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती. वडिलांनी गोंदियातील एका राईस मिलच्या कार्यालयाने विकावयास काढलेला जुना संगणक मोठ्या हौसेने घरी आणला होता. रस्त्यावरच्या खांबावरून आलेली फायबरची बारीक काळी तार ओसरीपर्यंत पोहोचली होती आणि तिच्या टोकाशी असलेल्या पांढऱ्या डबीवर हिरवे दिवे लुकलुकत होते. तरीही आतल्या खोलीतील संगणकाच्या पडद्यावर एकच वाक्य होते : जोडणी उपलब्ध नाही.

"सर, फोन ओसरीत चालते, आत नाही चालत. अन् कम्प्युटर तर कुठंच नाही चालत," असे त्या मुलीच्या बाबांनी सांगितले. त्यांच्या या एका वाक्यात घरगुती जोडणीचे निम्मे शास्त्र येऊन गेले होते. ते पुढे उलगडून सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी आता जुना-नवा संगणक आला आहे, परंतु तो जोडायचा कसा हे सांगणारा माणूस गावात असतोच असे नाही. २०२० च्या मार्चमध्ये वसतिगृहे रिकामी झाली आणि मुले आपापल्या गावी परतली, तेव्हा शाळा आणि घर यांच्यामधील हे अंतर किती मोठे आहे, ते आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

प्रथम ही तार येते कोठून, ते पाहू. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या वेळी आपला गोंदिया जिल्हा अस्तित्वातही नव्हता. तो १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. गावागावांत फायबर नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे तिलाच 'भारतनेट' हे नाव मिळाले. डिसेंबर २०१७ पर्यंत देशातील एक लाखाहून अधिक ग्रामपंचायती तिच्या पहिल्या टप्प्यात जोडल्या गेल्या, आणि दुसऱ्या टप्प्याचे काम आपल्या राज्यात 'महानेट' या नावाने चालले. मात्र या योजनेचा पाया ग्रामपंचायत हा आहे, घर नव्हे. पंचायतीच्या इमारतीपासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा कोणत्या तरी सेवादात्याने टाकावा लागतो, आणि घराच्या उंबरठ्यापासून संगणकापर्यंतचा तुकडा आपला आपणच टाकावा लागतो. मोठे तलाव बांधणे सरकारचे किंवा पूर्वीच्या मालगुजाराचे काम. पण तलावाच्या तुडुमातून निघालेले पाणी आपल्या बांधीत वळवून घेणे हे ज्याचे त्याने करायचे, तसेच हे आहे.

फायबर म्हणजे केसाएवढा बारीक काचेचा तंतू. त्यातून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. काचेतून दूरवर प्रकाश नेता येईल, काच पुरेशी शुद्ध मात्र हवी, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले आणि त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९५४ मध्ये आपल्या पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली होती. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच उघड्या टोकाकडे निरखून पाहू नये. तार भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात दुमडली किंवा तिच्यावर खिळा घट्ट ठोकला, तर त्या वळणावर प्रकाश बाहेर झिरपतो. अशा वेळी पांढऱ्या डबीवर 'लॉस' या नावाचा लाल दिवा लागतो. तो लाल दिसला की संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नाही. दोष घराबाहेरच्या वाटेवर असतो. रस्त्याच्या खोदकामात तार तुटलेली असते, किंवा वानरांनी खांबावरची तार ओढलेली असते, आणि तेथे सेवादात्याच्या माणसालाच बोलवावे लागते. त्या दिवशी मात्र लाल दिवा नव्हता. गावापर्यंत, अगदी ओसरीपर्यंत, सारे ठीक होते.

त्या पांढऱ्या डबीत वस्तुतः तीन यंत्रे एकत्र नांदतात. एक प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते. दुसरे, ज्याला राउटर म्हणतात, ते घरातील प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता देते आणि कोणाची माहिती कोणाकडे जावी ते ठरवते. तिसरे ती माहिती रेडिओलहरींच्या रूपाने हवेत सोडते; यालाच आपण वायफाय म्हणतो. डबीच्या मागील बाजूस चौकोनी खाचाही असतात. त्यांत तार खोचली की वायफायची गरजच उरत नाही. म्हणजे घरातील जोडणीचे दोन मार्ग आहेत, तारेचा आणि बिनतारी. कोणता घ्यावा, हे घर पाहून ठरवावे.

बिनतारी मार्ग आधुनिक आणि तारेचा जुनाट, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. हवाई बेटांवरील विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटाबेटांवरील संगणक रेडिओलहरींनी जोडले होते; त्या जाळ्याचे नाव 'अलोहानेट'. त्या कल्पनेवरून स्फूर्ती घेऊन १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात तारेने संगणक जोडण्याची 'इथरनेट' ही पद्धत मांडली. म्हणजे बिनतारी थोरली आणि तार धाकटी. आपण आज वापरतो त्या वायफायचे पहिले मानक १९९७ चे. भारतात त्यासाठीचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरण्यास मोकळा झाला तो २००५ मध्ये.

आता त्या घराकडे येऊ. मातीच्या दीड हात जाड भिंती, वर कवेलू, ओसरी आणि आतली खोली यांच्यामध्ये एक भिंत आणि तिला लागून धानाची पोती. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा. लहर जितकी आखूड, तितकी ती अडथळ्यातून पलीकडे जाताना अधिक क्षीण होते. पाणी या लहरी शोषून घेते, आणि पावसाळ्यात ओल धरलेली मातीची भिंत म्हणजे एक प्रकारे उभे केलेले पाणीच. धानाच्या पोत्यांतही ओलावा असतोच. लोखंडी कपाट किंवा टिनाचा पत्रा तर लहरीला आत जाऊच देत नाही, आल्या वाटेने परतवून लावतो. ज्या घरांच्या जाड भिंती वैशाखात आपल्याला गारवा देतात, त्याच भिंती वायफायला अडवतात. सिमेंट-विटांच्या पातळ भिंतींच्या नव्या घरकुलांत हा त्रास पुष्कळ कमी जाणवतो, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून वायफाय वापरायचेच असेल तर पहिला उपाय पैशाचा नाही, जागेचा आहे. डबी घराच्या मध्यभागी, डोक्याहून उंच आणि मोकळी ठेवावी. दूरदर्शन संचाच्या मागे किंवा कपाटात कोंबू नये. एका माजी विद्यार्थ्याच्या घरी अशी जागा शोधता शोधता आम्ही ज्या फळीपाशी येऊन थांबलो, तिच्यावर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती. घरातील सर्वांत उंच, मध्यवर्ती आणि मोकळी जागा तीच असणार, हे आधीच लक्षात यायला हवे होते. आजींना विचारले. त्यांनी त्या फळीच्या शेजारी वेगळी छोटी फळी ठोकून घेतली आणि तेथे डबी बसली. दुसरा उपाय, डबीच्या दोन पट्ट्यांपैकी ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडणे. वेग कमी मिळतो, पण लांबवर पोहोचतो. तिसरा उपाय रिपीटरचा. याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. रिपीटर स्वतः काही निर्माण करीत नाही. वरच्या बांधीत जेवढे पाणी असेल तेवढेच खालच्या बांधीत उतरणार. जेथे मुळातच संकेत क्षीण आहे तेथे रिपीटर ठेवून तो क्षीण संकेतच पुढे पाठवला जातो, आणि स्वस्त रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो व बोलतो म्हणून वेग सुमारे निम्म्यावर येतो.

त्या संगणकाच्या बाबतीत तर हा सारा विचार निरर्थक ठरला. कारण त्याला वायफायचे कानच नव्हते. लॅपटॉप आणि मोबाईल यांत वायफायचा भाग बसवलेला असतो, पण कार्यालयांतून निघालेल्या जुन्या टेबलावरच्या संगणकांत बहुधा नसतो, कारण कार्यालयांत ते तारेनेच जोडलेले असत. 'कम्प्युटर कुठंच नाही चालत' याचे कारण हे. अशा यंत्राला यूएसबीच्या खाचेत खोचायचा एक छोटा वायफाय अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो. परंतु त्या जाड भिंतीमागे त्यालाही संकेत मिळाला नसता. त्यामुळे निर्णय सोपा झाला. तार टाकायची.

ही तार साधी नसते. तिच्यात आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. पीळ शोभेसाठी नाही. बाहेरून येणारा विजेचा खरखराट पिळलेल्या जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि पलीकडचे यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा वाचत असल्याने तो खरखराट आपोआप वजा होतो. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये या पिळाचे पेटंट घेतले होते. आजही त्याहून चांगली युक्ती सापडलेली नाही. दुकानात 'कॅट-५-ई' किंवा 'कॅट-६' असे नाव सांगून तार मागावी. घरगुती कामासाठी पहिलीही पुरेशी आहे. एका सलग तुकड्याची मर्यादा १०० मीटर. आपल्या कोणत्याही घरात ती ओलांडली जाणार नाही. फक्त मोटारपंपाच्या किंवा घरातील विजेच्या वायरला बांधून ती नेऊ नये, आणि उंदरांची वर्दळ असेल तर प्लॅस्टिकच्या नळीतून न्यावी.

तयार टोके बसवलेली तार विकत मिळते. आमच्याजवळ मात्र विद्यालयाच्या संगणक कक्षातून उरलेला तारेचा तुकडा आणि टोके बसवण्याचा पकडीसारखा क्रिंपर होता, म्हणून आम्ही ती जागेवरच तयार केली. टोकाची पारदर्शक डोकी आरजे-४५ या नावाने ओळखली जातात. तिची चाप खाली, तोंड पलीकडे धरले असता डावीकडून रंगांचा क्रम असा येतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारांमध्ये निळी जोडी घुसते, एवढेच काय ते अवघड. इतकी वर्षे हे काम करूनही मी एका टोकाला पांढऱ्या-हिरव्याशेजारी हिरवा लावून बसलो. तार खोचली, दिवा लागला नाही. मी संगणकाला दोष देऊ लागलो असताना त्या मुलीने दोन्ही टोके कंदिलापुढे शेजारी-शेजारी धरली आणि म्हणाली, "सर, इथं हिरवा चौथा आहे, तिथं सहावा." वीज त्या वेळी गेलेली होती, राउटर आणि संगणक जुन्या बॅटरीवर चालू होते. टोक कापून पुन्हा बसवले आणि संगणकाच्या पाठीमागील खाचेपाशी छोटा हिरवा दिवा लागला.

हा दिवा म्हणजे पहिला प्रश्न आणि त्याचे उत्तर. जोडणी बिघडली की घाबरून सगळेच बंद-चालू करण्याची आपल्याला सवय असते. त्याऐवजी एकामागून एक तीन प्रश्न विचारावेत. खाचेपाशी दिवा आहे काय? नसेल तर दोष तारेत, टोकात किंवा खाचेत. दिवा आहे, तर संगणकाला पत्ता मिळाला आहे काय? नेटवर्कच्या चिन्हावर टिचकी मारून जोडणीचा तपशील उघडला की आकड्यांचा पत्ता दिसतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा राउटरने तो दिलेला आहे. घरगुती जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी हा एक समूह आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजावे की राउटरकडून उत्तर न आल्यामुळे संगणकाने स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन टाकला आहे. अशा वेळी राउटर एक मिनिट बंद करून सुरू करावा. जुन्या कार्यालयीन संगणकांत आणखी एक अडचण असते : पूर्वीच्या मालकाने हाताने ठरवून ठेवलेला पत्ता तसाच राहिलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन 'पत्ता आपोआप घ्यावा' हा पर्याय निवडावा लागतो. आमच्याही संगणकात हेच निघाले. दिवा हिरवा, पण पत्ता राईस मिलचा!

तिसरा प्रश्न नावांचा. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण यंत्रे आकडे जाणतात. नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस नावाची सोय सेवादाता पुरवतो. क्वचित तीच अडखळते. काळ्या पडद्याच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग हा शब्द आणि पुढे एखादा ज्ञात आकडी पत्ता, जसे ८.८.८.८, इंग्रजी अक्षर-आकड्यांत लिहून पाहावे. उत्तर येत असेल आणि नावाने मात्र एकही पान उघडत नसेल, तर रस्ता नीट आहे, पाटी हरवली आहे. या तीन प्रश्नांच्या क्रमाने गेल्यास निम्म्या तक्रारी घरच्या घरी मिटतात, आणि उरलेल्या तक्रारी सेवादात्याला सांगताना आपला आवाजही ठाम राहतो.

जेथे फायबर आलेच नाही, अशी घरे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, विशेषतः देवरी आणि सालेकसा भागांतील जंगलालगतच्या वस्त्यांत. तेथे मोबाईल हाच राउटर. त्याचा हॉटस्पॉट सर्वांना ठाऊक असतो. पण मोबाईल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करता येते, हे थोड्यांनाच माहीत आहे. वायफाय नसलेला जुना संगणकही यामुळे चालतो आणि मोबाईल चार्जही होत राहतो. मात्र ती जोडणी 'मीटर्ड' आहे असे संगणकाच्या सेटिंगमध्ये नोंदवावे. नाहीतर विंडोज मागच्या मागे स्वतःच्या सुधारणा उतरवून घेते आणि दिवसाचा दीड जीबी सकाळीच संपतो.

मग संगणकाचा हट्ट कशाला, मोबाईलवरच सगळे का करू नये, असे काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. कोल्हापूरकडील वारणा परिसरात १९९८ मध्ये ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला होता; ऊस उत्पादकांना आपल्या उसाची माहिती गावातच मिळावी, हा त्याचा एक उपयोग. काही वर्षांनी अभ्यासकांनी तीच माहिती मोबाईलच्या लघुसंदेशावर देऊन पाहिली आणि ती सोपी व स्वस्त ठरली. उसाचे वजन कळण्यास संदेश पुरतो. परंतु पानामागून पान चालणारा अर्ज भरणे, दाखल्यांची छायाचित्रे ठरावीक आकारात बसवणे, प्रबंध लिहिणे, या कामांना मोठा पडदा आणि कळफलक लागतो. लहान पडद्यावर एखाद्या आडनावातील एका अक्षराची चूक निसटते आणि अर्ज परत येतो.

पासवर्डाविषयी थोडक्यात. डबीच्या तळाशी छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवावा, आणि विद्यालयाचे नाव व पुढे १२३ असा पासवर्ड कृपया ठेवू नये. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांचा तोच आहे, असा माझा दाट संशय आहे.

विजेविषयी मात्र विस्ताराने सांगितलेच पाहिजे. फायबरमधून आकाशातील वीज घरात येत नाही, कारण काच वीजवाहक नाही. परंतु राउटरच्या अडॅप्टरमधून ती येते आणि आपण टाकलेल्या तांब्याच्या तारेने थेट संगणकापर्यंत जाते. ढग गडगडू लागताच राउटरचा प्लग, संगणकाचा प्लग आणि दोघांमधील तार, तिन्ही काढावीत. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. भारनियमनाचा त्रास असेल, तर बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस काही तास सहज काढतो.

त्या रात्री साडेनऊला दिवे आले. दहाच्या सुमारास मुलीने उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका अपलोड केली, आडनावाचे स्पेलिंग दोनदा तपासले आणि अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक वहीच्या मलपृष्ठावर लिहून घेतला. बाबांनी उरलेली चार-साडेचार मीटर तार गुंडाळून बैलाच्या दोरखंडाशेजारी खुंटीला टांगली. मग ओसरीत येऊन, काय काय काढायचे ते मला बोटांवर मोजून दाखवले : एक प्लग, दुसरा प्लग, मधली तार.